समावेशक अध्यापनासाठी मिळणारे अनुदान: प्रस्तावात नेमके काय मागावे?

संख्याशास्त्र_बडोदे

नमस्कार. मी बडोद्यातील एका अनुदानित महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. आमच्या संस्थेने यंदा प्रथमच प्राध्यापकांकडून नवोपक्रमशील व समावेशक अध्यापनासाठी प्रस्ताव मागवले आहेत. अनुदान एका शैक्षणिक वर्षापुरते असून कमाल रक्कम दोन लाख रुपये आहे. अर्जात उद्दिष्टे, कार्यपद्धती, अंदाजपत्रक आणि ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’ असे चार रकाने आहेत. याहून अधिक मार्गदर्शन परिपत्रकात नाही.

वर्गाची परिस्थिती सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी आहेत. त्यांतले बरेचसे गुजराती माध्यमातून आलेले असून पाठ्यपुस्तक व प्रश्नपत्रिका मात्र त्यांना इंग्रजीतून हाताळावी लागते. छोटा उदेपूर आणि क्वांटकडून आलेल्या राठवा या आदिवासी समाजातील काही मुली घरी राठवी बोलतात, म्हणजे त्यांच्यासाठी गुजराती हीदेखील शाळेत गेल्यावर शिकलेली भाषा आहे. दोन विद्यार्थी पूर्णतः दृष्टिहीन आहेत. एका विद्यार्थिनीला ऐकू कमी येते आणि ती बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवर बरीच अवलंबून असते.

आमचा विषय आकृत्यांवर उभा आहे. प्रसामान्य वितरणाचा घंटेसारखा वक्र फळ्यावर काढून ‘हा मधला भाग पाहा, निरीक्षणांपैकी सुमारे ६८ टक्के इथे येतात’ असे सांगितले की बहुतेकांना मुद्दा उमगतो. पण ‘हा’ आणि ‘इथे’ या दोन शब्दांमधले सगळे काही दृष्टिहीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचे राहून जाते, आणि शिक्षक फळ्याकडे वळून बोलू लागला की ऐकू कमी येणाऱ्या मुलीचे वाक्य मध्येच तुटते.

विभागातील काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की स्मार्ट बोर्ड आणि टॅब्लेट मागावेत, कारण डोळ्यांना दिसणारी वस्तू मंजूर होण्यास सोपी जाते. मला मात्र वर्षभराच्या टिपणांची नव्याने मांडणी, स्पर्शाने वाचता येतील अशा आकृत्या आणि वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांचे नियमित साहाय्य हवे आहे. अशा मागणीला ‘नवोपक्रम’ म्हटले जाईल का, विद्यार्थ्यांना मानधन देता येते का, आणि वर्षाअखेरीस फलनिष्पत्ती कशी दाखवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

कारेलीबाग_शिक्षणशास्त्र

ताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण आपण वस्तूपासून सुरुवात न करता अडथळ्यापासून केली आहे. मी निवृत्तीपूर्वी अशा प्रस्तावांच्या छाननी समित्यांवर काम केले आहे. माझ्या पाहण्यात जे प्रस्ताव मागे पडत, त्यांत एक साम्य असे: काय विकत घ्यायचे ते पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट असे, पण कोणता विद्यार्थी कोणत्या पाठात, कशामुळे अडतो हे शेवटपर्यंत कळत नसे. आपण वर लिहिलेला ‘हा’ आणि ‘इथे’ यांविषयीचा परिच्छेद जसाच्या तसा उद्दिष्टांच्या रकान्यात घाला. परीक्षकाला त्यातून जे समजेल ते ‘अध्यापन विद्यार्थिकेंद्री करणे’ अशा वाक्यातून समजणार नाही.

या मांडणीला शैक्षणिक आधारही भक्कम आहे. अमेरिकेतील ‘कास्ट’ या संस्थेने ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ ही जी चौकट विकसित केली, तिचे मर्म तीन गोष्टींत आहे. शिकण्यात गुंतून राहण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात, आशय एकाहून अधिक रूपांत मिळावा आणि शिकलेले व्यक्त करण्याचे मार्गही अनेक असावेत. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सोय एखाद्या विद्यार्थ्यासाठी मागाहून जोडायची नसते; पाठाची आखणी करतानाच ती सर्वांसाठी धरायची असते. वक्राचे शब्दांत नेमके वर्णन केले, तर ते दृष्टिहीन विद्यार्थ्याइतकेच शेवटच्या बाकावरून फळा नीट न दिसणाऱ्या आणि इंग्रजीत चाचपडणाऱ्या विद्यार्थ्याच्याही उपयोगी पडते. समितीला हे पटवून द्या, म्हणजे ‘दोन-तीन विद्यार्थ्यांसाठी एवढा खर्च कशाला’ हा आक्षेप येण्यापूर्वीच त्याचे उत्तर दिलेले असेल.

व्याख्यानाची पद्धत बदलण्याविषयी लिहिताना दोन अभ्यास अवश्य सांगावेत. स्कॉट फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला व बोलायला लावणाऱ्या पद्धतींत ते २१.८ टक्के आढळले. त्याच परंपरेत २०२० साली थिओबाल्ड व सहकाऱ्यांनी दाखवले की अशा अध्यापनामुळे वंचित गटांतील आणि इतर विद्यार्थ्यांमधील परीक्षेच्या गुणांची दरी सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. हे निष्कर्ष मुख्यतः अमेरिकेतील विद्यार्थ्यांविषयीचे आहेत, हे स्पष्ट लिहावे आणि ‘आमच्या वर्गात काय घडते हे तपासणे’ हेच आपल्या प्रस्तावाचे प्रयोजन म्हणून मांडावे.

यासाठी महागडे साधन लागत नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत शिक्षक एक संकल्पनात्मक प्रश्न देतो, प्रत्येक जण स्वतंत्रपणे उत्तर निवडतो, मग शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा निवडतो. अ, ब, क, ड लिहिलेली पुठ्ठ्याची चार कार्डे प्रत्येकाकडे असली तरी पुरते. कार्डांचे कोपरे वेगवेगळ्या प्रकारे कापले, तर दृष्टिहीन विद्यार्थीही बोटांनी चाचपून योग्य कार्ड उचलू शकतो.

एक सूचना व्याप्तीविषयी करतो. संपूर्ण अभ्यासक्रम एका वर्षात बदलण्याचे आश्वासन देऊ नका. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याआधी १८९३ पासून अमरेली भागात त्याचा प्रयोग करून पाहिला होता. एवढी सत्ता हाती असलेल्या राज्यकर्त्याने आधी मर्यादित क्षेत्र निवडले, आणि बडोद्यातील समितीला हा दाखला परका वाटणार नाही. आपण दोन घटक निवडा: वर्णनात्मक संख्याशास्त्र आणि प्रसामान्य वितरण. तेवढे पूर्णपणे, शेवटच्या स्वाध्यायापर्यंत बदला.

श्रुतलेखन_दांडियाबाजार

मॅडम, मी स्वतः दृष्टिहीन असून महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. शिक्षण बडोद्यातच झाले. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. साहित्याविषयी मात्र काही अगदी व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण प्रस्ताव मंजूर होऊनही काम अडते ते याच ठिकाणी.

टिपणे ‘डिजिटल’ असली म्हणजे ती आम्हांला वाचता येतात, असे नाही. छापील पानांचे छायाचित्र काढून केलेली पीडीएफ म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कोरे पान. गुजराती टिपणांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: अनेक विभागांतील जुनी टिपणे टेराफॉन्ट किंवा एलएमजी अरुण यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धत रूढ होण्याआधीच्या) टाइप केलेली आहेत. पडद्यावर सुबक गुजराती दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास असते, आणि ऐकणाऱ्याच्या कानांवर निरर्थक अक्षरे पडत राहतात. तेव्हा ‘जुन्या टिपणांचे युनिकोडमध्ये रूपांतर व मुद्रितशोधन’ असा स्वतंत्र खर्च धरा. रूपांतर यंत्राने होते, पण जोडाक्षरे आणि आकडे बिघडलेले असतात. ती तपासायला माणूसच लागतो आणि त्याला वेळ लागतो.

समीकरणांचेही तसेच आहे. प्रमाण विचलनाचे (मूल्ये सरासरीपासून किती पसरली आहेत ते सांगणाऱ्या मापाचे) सूत्र चित्र म्हणून चिकटवले असेल तर स्क्रीन रीडर ‘ग्राफिक’ एवढेच म्हणून पुढे सरकतो. तेच समीकरण संपादकात रीतसर टाइप केलेले असेल, तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर योग्य पूरक प्रणालीच्या मदतीने वर्गमूळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेही वाचून दाखवतो. एनव्हीडीए विनामूल्य आहे, त्यामुळे स्क्रीन रीडरसाठी अनुदानातून पैसे मागू नका. पाठ्यपुस्तकांपैकी काही ‘सुगम्य पुस्तकालय’ या २०१६ साली सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयात सापडतात का, ते आधी पाहा. जी सापडणार नाहीत त्यांचे सुलभ रूपांतर करण्यात कायद्याची आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकांसाठी अशा रूपांतराला मुभा दिलेली आहे.

स्पर्शाकृतींसाठी सुरुवातीलाच यंत्र घेण्याची गरज नाही. रबराच्या पातळ तक्त्यावर खास प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती उंचावते आणि बोटाला लागते. माझ्या विद्यार्थिदशेत एका शिक्षिकेने घंटेसारखा वक्र मला असाच दाखवला होता: बाह्यरेषा उठावाची, मध्यापासून दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनापर्यंतच्या भागात बारीक पॉलिश पेपर चिकटवलेला, त्यापुढच्या पट्ट्यांत सुती कापड, आणि दोन्ही टोके तशीच गुळगुळीत. खडबडीत भाग मोठा आणि गुळगुळीत टोके अगदी चिंचोळी, हे हात फिरवताच समजले. ‘अपवादात्मक मूल्ये विरळ असतात’ हे वाक्य मला तेव्हा प्रथम उलगडले. नंतर छापील प्रती हव्या असतील तर दिल्लीच्या आयआयटीमध्ये स्पर्शाकृतींवर उत्तम काम झाले आहे, तिथल्या पद्धती पाहाव्यात.

यापुढचे मी थोडे आग्रहाने लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ज्या सोयी पुरवणे संस्थेचे कर्तव्यच आहे, त्या या अनुदानात घालू नका. उतार, लेखनिक, परीक्षेतील तासाला किमान वीस मिनिटांचा अधिक वेळ, ग्रंथालयातील सुलभ संगणक, हे सारे संस्थेने एरवीही द्यायचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली काढलेल्या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचाही रोख तोच आहे. या बाबी आपण ‘नवोपक्रम’ म्हणून मागितल्या तर पुढच्या वर्षी अनुदान संपताच त्या बंद पडतील, आणि विद्यार्थ्याला जे हक्काने मिळायला हवे ते एका प्राध्यापिकेच्या सौजन्यावर अवलंबून राहील. प्रस्तावात एक वाक्य स्पष्ट लिहा की या बाबी संस्था आपल्या नियमित निधीतून करील असे गृहीत धरले आहे. प्राचार्यांची सही त्या वाक्याखाली झाली, तर त्याचा उपयोग आपल्या वर्गापुरता राहणार नाही.

आणि कृपया आपल्या तिन्ही विद्यार्थ्यांशी प्रस्ताव पाठवण्यापूर्वी बोला. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थिनीला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा आहे, व्याख्यानाची टिपणे आदल्या दिवशी हवी आहेत, की शिक्षकाने फळ्याकडे वळून बोलू नये एवढेच पुरेसे आहे, हे तीच सांगू शकेल.

डभोई_वाणिज्य

चर्चा उत्तम चालली आहे, पण एका बाबतीत मला वेगळे मत नोंदवायचे आहे. समावेशकता म्हणजे केवळ दिव्यांगत्व, अशी समजूत या प्रतिसादांतून होऊ नये. आमच्याकडे घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांना विषय अवघड जातो त्याआधी महाविद्यालयाची रीत अवघड जाते: स्वाध्याय म्हणजे नेमके काय करायचे, ‘चर्चा करा’ या प्रश्नात किती लिहायचे, शिक्षकांना शंका केव्हा विचारायची. प्रत्येक स्वाध्यायाच्या माथ्यावर तो कशासाठी आहे, पायऱ्या कोणत्या आणि गुण कशावर मिळणार, हे तीन-चार ओळींत लिहायला मी सुरुवात केली, तेव्हा कोरे कागद परत येण्याचे प्रमाण जाणवण्याइतके घटले. यासाठी एक रुपयाही लागत नाही, पण प्रस्तावात ते अवश्य असावे.

दुसरे, वेळ. छोटा उदेपूरच्या गाडीने येणारी मुले परतीची गाडी सोडून संध्याकाळच्या मार्गदर्शन वर्गाला थांबू शकत नाहीत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे साहाय्य ठेवायचे असेल, तर ते वेळापत्रकातल्या मोकळ्या तासाला ठेवा. अन्यथा ज्यांच्यासाठी ते योजले तेच गैरहजर राहतील आणि अहवालात ‘प्रतिसाद कमी मिळाला’ अशी नोंद होईल.

स्मार्ट बोर्डलाही मी सरसकट विरोध करणार नाही. बोर्डवर लिहिलेले जसेच्या तसे साठवून त्याच दिवशी विद्यार्थ्यांना देता आले, तर त्याचा उपयोग आहे. मात्र तेच काम फळ्याचे छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन यांनीही होते, हे मान्य.

रावपुरा_लेखाशाखा

मी शैक्षणिक संस्थेच्या लेखाशाखेत काम करतो. अंदाजपत्रकाविषयी लिहितो, कारण उत्तम प्रस्तावांचे पैसे मार्चअखेर परत जाताना मी पाहिले आहेत आणि त्याचे दुःख होते.

प्रथम आवर्ती (वारंवार होणारे) व अनावर्ती (एकदाच होणारे) खर्च वेगळे दाखवा. यंत्रसामग्री अनावर्ती खर्चात येते. तिच्यासाठी दरपत्रके, खरेदी समिती, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, हे सर्व ओघाने आले, आणि अनेकदा सत्र संपत आल्यावर वस्तू हाती पडते. मानधन, टंकलेखन, रूपांतर, छपाई हे आवर्ती खर्च लवकर सुरू करता येतात. त्यामुळे मॅडमना जे हवे आहे तेच खर्चाच्या दृष्टीनेही अधिक सोयीचे आहे.

विद्यार्थ्यांना मानधन देता येते, पण ‘विद्यार्थी साहाय्य’ असा एकच मोघम आकडा लिहू नका. कामाचे स्वरूप, तास, ताशी दर आणि निवडीची पद्धत लिहा. दर संस्थेने आधी कुठे मान्य केलेला असेल तर तोच धरा आणि त्या ठरावाचा हवाला द्या. रक्कम थेट बँक खात्यात जावी व हजेरीपत्रकावर आपली सही असावी. खर्चाच्या एका शीर्षातील शिल्लक दुसऱ्या शीर्षात वापरायची असेल तर खर्च करण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्या; मागाहून घेतलेल्या मंजुरीवर लेखापरीक्षणात हमखास आक्षेप येतो. शेवटचा हप्ता बहुधा उपयोगिता प्रमाणपत्रानंतरच (पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यानंतरच) मिळतो, तेव्हा पावत्या दर महिन्याला लावून ठेवाव्यात.

माझ्या अंदाजाने दोन लाखांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम माणसांच्या कामावर धरली तरी ती समर्थनीय ठरते, फक्त प्रत्येक तासाच्या शेवटी कोणते साहित्य तयार होणार ते लिहिलेले असावे.

संख्याशास्त्र_बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही विद्यार्थ्यांशी काल स्वतंत्रपणे बोलले. ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थिनीला दुभाषी नको आहे. तिला पारिभाषिक शब्दांची यादी आदल्या दिवशी हवी आहे, कारण ओळखीचा शब्द ओठांवरून पटकन ओळखता येतो, नवा शब्द ओळखता येत नाही. हे मला सुचले नसते. हीच यादी इंग्रजी व गुजरातीत केली तर वर्गातील बहुतेकांना उपयोगी पडेल, म्हणून प्रस्तावात ती पहिल्या स्थानी घेत आहे. वरच्या वर्गातही दोन राठवा मुली आहेत. त्यांना साहाय्यक म्हणून घेण्याचा विचार आहे.

फलनिष्पत्तीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दोन दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या गुणांची टक्केवारी काढणे माझ्या विषयाला धरून नाही. गतवर्षीच्या निकालाशी तुलना करावी, तर प्रश्नपत्रिकाही वेगळी आणि विद्यार्थीही वेगळे.

कारेलीबाग_शिक्षणशास्त्र

बरोबर आहे, ती तुलना करू नका. मोठ्या गटासाठी संकल्पनांवर आधारित एक लहान चाचणी घटकाच्या आधी आणि नंतर घ्या, प्रश्न तेच ठेवा. निकाल संपूर्ण वर्गाच्या सरासरीत न मांडता माध्यमानुसार विभागून मांडा, कारण सरासरी वाढूनही दरी तशीच राहू शकते आणि आपला दावा दरीविषयीचा आहे. ज्या गटात दोन-तीनच विद्यार्थी आहेत त्यांच्याविषयी आकडे देऊ नका. कोणता स्वाध्याय पूर्वी दुसऱ्याच्या मदतीने होत असे आणि आता ते स्वतः करतात, हे त्यांच्या संमतीने, नाव व ओळख न सांगता वर्णन करा. एवढ्या लहान गटात नाव न लिहिताही विद्यार्थी ओळखू येतो, तेव्हा अहवालाचा तो भाग पाठवण्यापूर्वी त्यांना वाचायला द्यावा.

तयार झालेली टिपणे व स्पर्शाकृती वर्षाअखेरीस विभागाच्या ग्रंथालयात जमा होतील आणि पुढील वर्षी तोच घटक शिकवणारा दुसरा शिक्षक त्या वापरील, अशी विभागप्रमुखांची लेखी संमती प्रस्तावाला जोडा. समितीत मी असतो तर फलनिष्पत्ती म्हणून सर्वाधिक वजन त्या एका कागदाला दिले असते.

रावपुरा_लेखाशाखा

एक राहिले. वरच्या वर्गातील त्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती मिळत असेल, तर मानधन घेतल्याने शिष्यवृत्तीच्या अटींना बाधा येते का, हे नेमणुकीपूर्वी संबंधित कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून पत्र प्रस्तावासोबतच पाठवा.